अक्कांची किळस आणि गाईंचा हौद

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या तमाम गाई, म्हशी, त्यांचे मालक, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी आणि शेणावर बसणाऱ्या माश्या यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कुंडलच्या सुलोचनाक्का आता राहिल्या नाहीत. आयुष्यभर जिला कशाची ना कशाची किळस आली आणि जिच्या किळसेच्या धाकावर एक अख्खा गोठा जगला, अशी बाई पुन्हा होणे नाही. माश्यांनी हवं तर दोन दिवस आनंद साजरा करावा. गोचिडींनी मात्र जपून राहावं. अक्का जिथं गेल्या असतील तिथूनही त्यांची नजर असणार.

हे निवेदन मी करतोय, कारण दुसरं कुणी अशा शब्दांत करणार नाही. घरच्यांनी पेपरात छोटी चौकट दिली, तीत अक्कांना 'प्रेमळ, धार्मिक व मनमिळाऊ' म्हटलं होतं. प्रेमळ होत्या. धार्मिकही होत्या. पण 'मनमिळाऊ' वाचून मला चहाचा ठसका लागला. अक्कांचं मन जगातल्या निम्म्या वस्तूंशी मिळत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्या त्यांनी अजून हुंगून बघितल्या नव्हत्या.

मी उंब्रजचा. जनावरांची औषधं विकणं हा माझा धंदा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या लावून कराडपासून पलूसपर्यंतचे गोठे मी पालथे घातले. पहिल्यांदा अक्कांच्या गोठ्यावर गेलो, तेव्हा फाटकातच एक बुटकी, गोरी, नाकाला पदर लावलेली बाई आडवी आली.

"थांबा. कुठनं आला?"

"उंब्रजहून."

"गाव न्हाई इचारलं. आत्ता कुठनं आला?"

"पलीकडच्या गोठ्यावरनं."

"मंग त्येंचं शेण हितं कशाला आणलंय? आमच्याकडं आमचं हाय की भरपूर."

मी खाली पाहिलं. बुटाच्या टाचेला खरोखरच दुसऱ्याच्या गाईचा प्रसाद चिकटलेला होता. नळाखाली बूट धुवून झाल्यावरच मला आत प्रवेश मिळाला. बाकी दुनिया गोठ्यातून बाहेर पडताना पाय धुते. अक्का आत येणाऱ्यांचे पाय धुऊन घेत. तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'उंब्रजकर' झालो, आणि पाय पुसायच्या पोत्यावर माझी एक कायमची जागा झाली.

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचं, या गोष्टी तिथं ओघानंच आल्या. पण अक्का गाईंचं पाणीही गाळत. गव्हाणीच्या नळाला त्यांनी जुन्या धोतराचा तुकडा बांधला होता. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "का? गाईला घशात शेवाळ गेलं तर गोड लागतंय व्हय?" गाईंची नावं त्यांनी लुगड्यांवरून ठेवली होती. काळीभोर, तांबूस कपाळाची ती इरकल. पांढरी, अंगानं झिरझिरीत ती वायल. आणि एक भारदस्त, कुणालाही वाट न देणारी नारायणपेठ.

आता गंमत बघा. या बाईला शेणाचा वास सहन होत नसे. शेण ओढायचं फावडं त्यांनी मुद्दाम लांब दांड्याचं करून घेतलं होतं आणि ते हातभर दूर धरून त्या असं ओढत, की जणू समोर कुणी मेलंय आणि ते आपल्या नात्यातलं नाही. दुधाच्या कॅनमध्ये नाक घालत आणि तीन गोठ्यांपलीकडच्या माणसानं कालचं भांडं नीट धुतलं नव्हतं हे सांगत. कुणाच्या घरी चहा आला की आधी कपाचा कान तपासत. बशीत सांडलेला चहा परत कपात ओतून पिणाऱ्या माणसाकडं त्या ज्या नजरेनं बघत, ती नजर मी स्वतः झेललेली आहे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

"मग गाई ठेवता कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"घाण वाटती म्हणून जनावर सोडायचं व्हय, उंब्रजकर? मंग लेकरं कुणी वाढवलीच नसती की."

त्यांचे यजमान आण्णा म्हणजे या कथेतला शांत महासागर. धिप्पाड माणूस, द्राक्षबागाईतदार, बोलणं संथ. वर्षानुवर्षं बागेत फवारणी करून त्यांचं नाक पार निकामी झालं होतं. कुजलेली घूस आणि केवड्याचं कणीस त्यांच्या दृष्टीनं सारखंच. परमेश्वरानं दोघांना मिळून एकच नाक द्यायचं ठरवलं असावं, आणि ते सगळंच्या सगळं अक्कांच्या वाट्याला गेलं.

एका पावसाळ्यात गोठ्यातला चिखल वाळायलाच तयार नव्हता. गाई दिवसभर शेणमुताच्या काल्यात उभ्या. आणि एका सकाळी इरकल मागचा उजवा पाय वर धरून उभी राहिली. मी नेमका तिथंच होतो. आण्णांनी दोरीनं पाय वर बांधला आणि खुराच्या बेचकीत बोट घालून चिखल काढला.

नाजूक प्रकृतीच्या वाचकांनी पुढच्या चार ओळी सोडाव्यात. कुजका कांदा, मेलेली पाल आणि पावसात भिजून राहिलेले मोजे एका डब्यात घालून डबा उन्हात ठेवा, आठ दिवसांनी उघडा, आणि त्यात तोंड घाला. त्याच्या जवळपास जाणारा वास होता तो. बेचकीतलं कातडं राखाडी पडून सालासारखं सुटत होतं, खाली लाल मांस दिसत होतं, आणि त्या मांसात काहीतरी बारीक, पांढरं, खुशीत वळवळत होतं. आण्णांनी काडीच्या टोकावर तो ऐवज उचलला आणि निर्विकार चेहऱ्यानं अक्कांच्या नाकापुढं धरला.

"आगं, हे बघ. किडं हायत."

अक्का शेवग्याच्या झाडाखाली पळाल्या. तिथून जे आवाज आले त्यांचं वर्णन करत नाही. परत आल्या, तोंड पुसलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हां. आता दावा."

पलूसहून डॉक्टर आले. शिडशिडीत तरुण, कायम पुढच्या गावाला उशीर झालेला. त्यांनी खूर कापून, धुऊन, औषध लावून पट्टी बांधली आणि सांगितलं, "हिचं हे हातानंच करत राहावं लागेल. पण बाकीच्या गाईंना लागण होऊ द्यायची नसेल, तर फूटबाथ करा. येता-जाता वाटेत एक उथळ हौद. त्यात मोरचुदाचं, त्या निळ्या खड्यांचं, पाणी. गाई त्यातनं चालत गेल्या पाहिजेत, बस्स."

'मोरचूद' शब्द ऐकला आणि आण्णांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. "मोरचूद? ते माझ्यावर सोडा डॉक्टर. आख्खी हयात त्यातच गेली."

डॉक्टर पुढच्या गावाला गेले. आण्णांनी सुट्टी घेतल्यासारखा उत्साह दाखवला. धारा काढायच्या जागेतून बाहेर पडताना गाईंना टाळताच येणार नाही अशा बोळात सिमेंटचा हौद झाला. नारळ फुटला. हळदकुंकू वाहिलं. मग आण्णांनी एका पिंपात मोरचूद विरघळवला, दुसऱ्या पिंपात चुना कालवला, आणि दोन्ही हातांनी दोन धारा एकदम हौदात सोडल्या. बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण ते असंच करत. मग विळ्याचं पातं त्यात बुडवून वर काढलं, उन्हात फिरवून पाहिलं. पात्यावर तांबूस पुट चढलं नाही, म्हणजे चुना पुरेसा पडलाय.

"बघा," आण्णा मला म्हणाले. "असला रंग कुंडलात कुणाचा येत न्हाई."

रंग खरोखर आभाळासारखा होता. गाई त्यातून निळी पावलं घेऊन बाहेर पडल्या तेव्हा सगळ्या मिळून कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

पण गाईबद्दलचं एक सत्य कुणी लक्षात घेतलं नव्हतं. गाईच्या पायाला गार पाणी लागलं की तिच्या दुसऱ्या टोकाला प्रेरणा होते. पहिली गाय हौदात उतरली, शेपूट वर गेलं. दुसरी उतरली, शेपूट वर गेलं. नारायणपेठ तर मधोमध थांबून, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी मोकळी झाली. शेवटची गाय पार होईपर्यंत त्या आभाळाची मुगाची आमटी झालेली होती आणि वर निळसर साय तरंगत होती. दुसऱ्या दिवशी तीच आमटी. आण्णा फेकू देईनात. "रंग हाय की अजून!" म्हणत वरून नवं मिश्रण ओतत. दोन दिवसांनी त्यावर बुडबुडे यायला लागले. बुडबुडा फुटला की आतून जे बाहेर येई, ते हुंगून माझ्या पिशवीतल्या बाटल्यांची बुचंसुद्धा घट्ट झाली असतील. अक्कांनी त्या महिन्यात घरात पिठलं होऊ दिलं नाही. पिठल्याला बुडबुडे येतात.

इतकं करून वायल लंगडायला लागली. मग नारायणपेठ.

जनावर लंगडायला लागलं की दलालाला कसं कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. तो आला. गाडीवरून न उतरताच इरकलकडं बघून म्हणाला, "आण्णा, ही आता कामाची न्हाई. आजपासनं तिसऱ्या सोमवारी टेम्पो आणतो."

आण्णा थकले होते. त्यांनी मान डोलावली.

अक्का दारात उभ्या होत्या. "कुठं नेणार तिला?"

"लांब हाय, अक्का."

"लांब म्हंजी कुठं?"

दलालानं दाढी खाजवली. "जेवण झालं न्हवं तुमचं?"

अक्कांनी पदर नाकाला लावला. त्या सकाळी त्यांच्यासमोर हौद होता, कुजका खूर होता, बादलीत पडलेली जुनी पट्टी होती. पण पदर त्यांनी लावला तो या उत्तरात न उच्चारलेल्या खाटीकखान्याला. तो गेल्यावर म्हणाल्या, "मी न्हाई देणार."

"आगं, पण चालंना ती. बसून सडंल." आण्णा म्हणाले. मग इरकलकडं बघून, "हे बघ. सोमवारपातूर ती आपल्या पायानं बाकीच्यांबरूबर त्या हौदातनं पल्याड गेली, तर ऱ्हाईल. न्हाई तर दिली. मी बोललोय त्येला."

दोन दिवसांत डॉक्टर परत आले ते तीन लंगड्या गाईंचं ऐकून. आले तेव्हा आण्णा हौदाच्या काठावर उकिडवे बसून विळा बुडवत होते.

"आण्णा, हे काय चाललंय?"

"चुना बरूबर पडलाय का बघतोय."

"चुना? तो कशाला?"

"चुन्याबिगर मोरचूद पानं जाळतंय न्हवं?"

डॉक्टरांनी हौदाकडं पाहिलं, विळ्याकडं पाहिलं, मग आण्णांकडं. "आण्णा, गाईला पानं असत्यात का?"

मी बागेकडं तोंड फिरवून उभा राहिलो. आण्णांचा चेहरा बघण्याची माझी छाती नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: चुन्यानं मोरचुदाचा जोर मारला. उरलासुरला शेणानं खाल्ला. राहिलं काय, तर एकीच्या पायाची घाण दुसरीच्या पायाला पोचवणारा एक सुंदर निळा हौद.

अक्का हळूच काठाशी आल्या. "म्हंजी इतकं दिस त्यास्नी मीच रोज हाकलत हुते ह्यात? एकीचं दुसरीला लावत?"

 त्या वेळी अक्का शेवग्याकडं गेल्या नाहीत, पदर लावला नाही, 'श्शी' म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंग फक्त उतरला. ती किळस आत्तापर्यंतच्या सगळ्या किळसांपेक्षा वेगळी होती, कारण ती स्वतःची होती.

दुसऱ्या क्षणाला राज्य बदललं. बागेचा अनुभव बागेत परत पाठवण्यात आला. विहिरीपासून लांब, जनावरं-मेंढरं जाणार नाहीत अशा कोपऱ्यात खड्डा निघाला आणि सगळी आमटी आण्णांनी बादल्यांनी तिकडं वाहिली. अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तळ खरडा. कोपऱ्यातलं ऱ्हायलं. आवं, हाताला लागलं तर काय मरताय?" असं वास येणार नाही अशा बाजूला बसून सांगणं सोपं असतं. जुन्या हौदाच्या अलीकडं साध्या पाण्याचा एक हौद झाला, म्हणजे पाय तिथंच धुतले जातील आणि शेपटं तिथंच वर होतील. मधे कोरडी जागा. मग औषधाचा हौद, बिनचुन्याचा, आणि सगळ्या गाई गेल्या की तो ओतलाच पाहिजे. रंग असो, नसो. आण्णांनी एकदा "अजून चांगलं हाय की" म्हणून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "मंग जेवताना वाटीत घ्या."

वायल सुधारली. नारायणपेठ पूर्ववत सगळ्यांना ढुशा द्यायला लागली. इरकलची जखमही भरली. पण पहिल्याच दिवशी बिनचुन्याचं औषध तिच्या कोवळ्या कातड्याला असं झोंबलं होतं, की तिनं हौदाची धास्ती घेतली. काठापर्यंत येई, हुंगे आणि चारी पाय रोवून उभी राही. ओढा, ढकला, पेंड दाखवा, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "खूर बरा आहे. हिची भीती बरी झालेली नाही." भीतीवर माझ्याकडं औषध नव्हतं, नाहीतर त्या दिवशी फुकट दिलं असतं.

आणि सोमवार आला. त्यानंतर लवकरच माझी फिरती बदलली, कुंडल सुटलं ते सुटलंच. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं अक्का येतात त्या त्याच सकाळच्या.

धारा संपत आल्या होत्या. टेम्पो फाटकाशी लागला होता, मागं पाचट अंथरलेलं. सगळ्या गाई हौदातून पार झालेल्या आणि नेमका त्या दिवशी अलीकडच्या पाण्याचा पाइप फुटलेला. त्यामुळं सगळी प्रेरणा औषधाच्या हौदातच झाली होती. दाट, हिरवीकाळी, वर फेस, मधे एक न फुटलेला बुडबुडा. शेवटी राहिली इरकल. काठावर उभी. आण्णांनी दोन वेळा ओढून पाहिलं, मग दोर खाली सोडला.

"न्हाई चालत." ते कुणाकडंच न बघता म्हणाले.

दलालानं दोर उचलला.

अक्का नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या. धुवट लुगडं, ओले केस, कपाळावर ताजं गंध. पायांत काही नाही. "सोड," त्या म्हणाल्या, आणि दोर त्याच्या हातून घेतला. मला वाटलं, त्या गाईला परत गोठ्यात नेणार. त्या वळल्या आणि सरळ हौदात उतरल्या.

पचक, असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमटी त्यांच्या घोट्यांच्या वर गेली, बोटांच्या फटींतून हिरवं वर आलं.  डोळे घट्ट मिटले. पण पाठ फिरवली नाही. उलटं चालत, गाईच्या गालाला हात लावून त्या म्हणाल्या, "ये गं बाय. बघ, मी हाय न्हवं ह्यात. ये."

इरकलनं मान लांब केली. अक्कांचे हात हुंगले, लुगडं हुंगलं. पुढचा एक पाय टाकला. मग दुसरा. अक्का आणखी एक पाऊल मागं सरकल्या आणि तळाच्या गुळगुळीत थरावरून त्यांचा पाय निसटला. त्या बसल्या. होय, बसल्या. कमरेपर्यंत. फवारा उडाला तो थेट तोंडावर. मी आणि आण्णा दोघंही "अगं अगं" करत पुढं झालो, तर त्यांनी बसल्याबसल्याच हात वर केला: कुणी यायचं नाही, गाय बुजेल.

इरकल बुजली नाही. समोर बसलेल्या मालकिणीला ओलांडता येईना म्हणून तिनं मान खाली घालून तिला कपाळानं ढोसलं. अक्कांनी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि तिच्याच जोरावर उठल्या. दोघी मिळून पलीकडं गेल्या. मागचा उजवा पाय हौदात पडला, टेकला, उचलला, पुन्हा टेकला. कोरड्या फरशीवर इरकल चारी पायांवर सारखा भार देऊन उभी राहिली आणि, अर्थातच, तिनं शेपूट वर केलं.

आण्णा दलालाकडं वळले. बरंच बोलतील असं वाटलं होतं. पण एवढंच म्हणाले, "टेम्पो रिकामाच ने गड्या."

दलाल चिडला. गालातला तंबाखूचा तोबरा त्यानं या गालातून त्या गालात घेतला, हौदावर वाकला आणि तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडून, केसांतून शेण ठिबकत असलेल्या, नाकाच्या शेंड्यावर हिरवा थेंब लोंबत असलेल्या सुलोचनाक्का जिवाच्या आकांतानं ओरडल्या,

"ए! त्यात थुकू नकोस रं! घाण हुईल की!"